आज धरून सहा

त्या गुरुवारी अनुसूया नेहमीसारखीच दुधाचा तांब्या घेऊन घरातून निघाली.

हिंगोलीत तेव्हा शुक्रवारची सुट्टी असे. निजामाचं राज्य, शाळा, कचेऱ्या जुम्म्याला बंद. त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे पोरांची चैन. गावाबाहेर जुन्या छावणीचं मैदान होतं. पलटण केव्हाच उठून गेली होती. मागं उरल्या होत्या दोन-चार पडक्या चुनेगच्ची भिंती, उघडा माळ आणि पेन्शनीत निघालेला जमादार मोहनसिंग. मैदानाच्या कडेलाच त्याचं घर. दोन म्हशी आणि एक चामड्याचा फुटबॉल एवढी त्याची दौलत. म्हशींना तो सरकी घाली, फुटबॉलला करडीचं तेल चोळी. माया दोघांवर सारखीच.

अनुसूया अकरा वर्षांची. तिचे वडील विश्वंभरराव तहसिलीत कारकून. मोडी लिहीत, उर्दू वाचत आणि घरात कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसत. बोलण्याचं खातं आईकडे, द्वारकाबाईंकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी अनुसूयेचं लग्न झालं होतं. पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात, इंग्रजांचा कायदा आला होता: चौदा वर्षांच्या आतली मुलगी उजवली तर दंड. अलीकडं निजामाच्या मुलखात तसलं काही नव्हतं. मग पलीकडची वऱ्हाडं गाड्या जुंपून नदी उतरायची, अलीकडच्या काठावर मांडव घालायची, अक्षता टाकायची आणि दिवस मावळायच्या आत परत पलीकडं. कायदा बिचारा त्या काठावर बसून राही. वाशिमचा उद्धव तसाच आला होता, तेरा वर्षांचा, मुंडावळ्या बांधलेला, सर्दीनं शिंका देणारा. पंगतीत त्यानं आपल्या पानातला बुंदीचा लाडू हळूच तिच्या पानात सरकवला होता. नवऱ्याची म्हणून तेवढी एकच आठवण अनुसूयेजवळ होती. पाठवणी पुढं मोठी झाल्यावर व्हायची होती.

तिच्या पायात मात्र तेव्हापासून जोडवी. नऊ वर्षांच्या बोटाला बसतील अशी सोनारानं मुद्दाम घडवलेली. पुढं पाय वाढले, जोडवी वाढली नाहीत.

मोहनसिंगाच्या घरी दूध आणायला गेलं की धार काढायला वेळ असे. तेवढ्यात मैदानावर पोरांचा खेळ रंगात आलेला. एकदा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला आणि तिनं तो परत मारला, इतकंच. पण जमादारानं ते पाहिलं. पलटणीत असताना त्यानं गोऱ्यांबरोबर फुटबॉल खेळलेला. पाय कुणाचा कसा पडतो, ते त्याला कळे.

"बेटी, फिरून मार बघू," तो म्हणाला.

तेव्हापासून तीन महिने, रोज, म्हशीच्या धारेपुरता तिचा खेळ चाले. पोरं आधी चिडवत. "ए नवरी! सरक बाजूला, तुझं वऱ्हाड येऊन राहिलं!" पण तिच्या डाव्या पायाचा फटका दोघांना पोटात बसल्यावर चिडवणं थांबलं.

त्रास एकच होता. चेंडूला पाय लागला की जोडवं शेजारच्या बोटात रुते. रक्त येई. घरी ती सांगे, ठेच लागली. रोज ठेच लागते म्हणून आईनं तिला धांदरटही ठरवली होती.

त्या गुरुवारी तिनं थुंकी लावून दोन्ही जोडवी ओढून काढली, मैदानाच्या कडेला चुना फासलेल्या एका दगडाखाली ठेवली आणि मोकळ्या पायानं पळत गेली. डाव्या पायाचा फटका असा बसला की चेंडू बाभळींच्या पलीकडं गेला. पोरं बघतच राहिली. मोहनसिंग धार सोडून उभा राहिला. "शाबास! पलटणीत असती तर तुला लान्सनायक केलं असतं मी!"

तेवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली. आई रागावेल म्हणून तांब्या उचलून ती पळत सुटली. जोडवी दगडाखालीच राहिली. घरी आल्यावर आठवलं, पण आता उद्या आणू म्हणून ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. विश्वंभरराव घरीच होते. दहाच्या सुमाराला इंग्रजी टपालाचा डाकवाला आला; त्याला जुम्म्याची सुट्टी नसे. वाशिमहून कार्ड होतं.

मरणाची वार्ता आणणारं कार्ड घरात न्यायचं नसतं. ओसरीवर उभ्या उभ्या वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची. विश्वंभररावांनी कार्ड वाचलं. एकदा वाचलं, परत एकदा वाचलं. मग त्याचे चार तुकडे केले, मोरीच्या तोंडाशी टाकले आणि म्हणाले, "उद्धव गेला. पटकी झाली म्हणे."

द्वारकाबाईंनी हंबरडा फोडला. शेजारच्या दोघीजणी धावत आल्या. अनुसूयेला अंगणात बसवलं. बांगड्या फोडल्या, एक काच तिच्या मनगटात शिरली. कुंकू पुसलं. मग आई तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "पाय पुढं कर."

तिनं पाय पुढं केले. पाय मोकळे होते.



"जोडवी कुठं हायत?"

"काढली."

"कुणी?"

"मीच."

"कवा?"

"काल संध्याकाळी. मैदानावर."

शेजारणीनं तोंडावर पदर घेतला. द्वारकाबाईंनी लेकीच्या पायाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, आणि मग जो आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला तो रडण्याचा नव्हता. "कार्टे! नवरा जित्ता असताना आपल्या हातानं काढलीस? खाल्लंस गं त्याला! काल तू काढलीस आन् आज हे कारड!"

विश्वंभरराव ओल्या धोतरानं मोरीपाशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "आणखी पाणी तापलंय का?"

अनुसूयेला कोपऱ्यात सुतकाला बसवलं. आईनं बोटावर दिवस मोजले. दहाव्याची आंघोळ बुधवारी झाली. ती कोपऱ्यात बसून होती ते सहा दिवस. सहा दिवस तिनं एकच गोष्ट पाहिली, उजव्या आणि डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटावरचा पांढरा वळ. रडू आलं नाही. रडू येत नाही म्हणून बायका आणखीच बोलल्या. डाव्या पायाचं ते बोट त्या सहा दिवसांत कधीतरी बधिर झालं. चिमटा काढला तरी कळेना. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटलंही नाही.

जोडवी आणायला मैदानावर कुणी गेलं नाही.

न्हाण आलं की हिचे केस उतरवायचे, असं घरात ठरून गेलं. आणि एक दिवस, जेवणाच्या पानावर, विश्वंभरराव म्हणाले, "अनूला मी पुण्याकडं धाडून राहिलो. विधवा मुलींची शाळा आहे. पत्र पाठवलंय." द्वारकाबाईंचा घास हातातच राहिला. जन्मात न बोलणारा माणूस एवढं कुठून बोलला, हे कुणालाच उमगलं नाही. गाव म्हणालं, पोरीला नजरेआड करून राहिला बाप. अनुसूयेलाही तेच वाटलं. हिंगोलीच्या स्टेशनावर गाडीत बसताना तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि विश्वंभररावही काही बोलले नाहीत.

पुण्याच्या त्या आश्रमशाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई होत्या, आणि संध्याकाळी मुलींना चेंडू मिळे. नऊवारीचा काष्टा घट्ट मारायचा, पदर कमरेला खोचायचा आणि खेळायचं. अनुसूया डावीकडून खेळे. मिशनच्या शाळांच्या मुलींशी सामने होत तेव्हा पलीकडच्या मुली एकमेकींना सांगत, ती उंच, न हसणारी, तिला आधी अडवा. ती अडत नसे. गोल झाला की बाकीच्या मुली ओरडत, मिठ्या मारत. अनुसूया वळून मध्यरेषेकडं चालू लागे. जणू दळण टाकून आली होती. चार वर्षं ती संघाची पुढारी होती. मग धाकट्या मुलींना तीच शिकवू लागली. चेंडू पायाच्या आतल्या अंगानं मारायचा, नजर चेंडूवर, श्वास नाकानं. जमादाराचे शब्द तिच्या तोंडून जसेच्या तसे निघत.

पंचेचाळीस साली हिंगोलीच्या मुलींच्या शाळेला कवायतीची बाई हवी होती. ती परत आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मोहनसिंगही गेला होता; त्याच्या सुनेनं, रूपाबाईनं, तो जुना फुटबॉल तिच्या हाती दिला. "सासरे म्हनत व्हते, लान्सनायक येईल, तिला दे." आतला रबरी फुगा कुजलेला होता. शिवण मात्र पक्की.

शाळेच्या भिंतीआड, परसात, तिनं मुली जमवल्या. लोक पोरी पाठवायला तयार झाले, त्याला कारण होतं. अनुसूयाबाई रीत पाळत. लग्न झालेल्या मुलीला त्या जोडवी काढू देत नसत. बोटाभोवती, जोडव्यावरून, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून पक्की गाठ मारायला लावत. ही युक्ती त्यांची स्वतःची. आयाबाया कौतुकानं म्हणत, "बाई हाये विधवा, पन सवाष्णीचा मान राखून हाये."

कुणाला कळणार की ती रीत नव्हती, भीती होती? त्या बाईच्या मनात एका दगडाखाली दोन जोडवी होती आणि वाशिमला एक चिता. आपण नवरा मारला हे ती कुणाशी बोलत नसे. ते तिला माहीतच होतं, जसं आपलं नाव माहीत असतं.

सत्तेचाळीस सालच्या थंडीत तिच्या संघात सरला आली. माणिकराव देशमुखांची मुलगी, तेरा वर्षांची, सासर गोरेगावचं, पाठवणी व्हायची होती. डावा पाय असा की अनुसूयेला पहिल्याच दिवशी तिच्याकडं बघवेना.

"बाई," सरला म्हणाली, "जोडवी काढून ठिवू का वो? लई टोचून राहिलीत."

"नाही."

"उगं खेळापुरती. लगेच घालते."

"नाही म्हटलं ना. चिंधी गुंडाळ."

सरलेनं चिंधी गुंडाळली. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायाचं जोडवं फटक्यासरशी वाकलं आणि चिंधीच्या आत मांसात शिरलं. खेळ बंद करतील म्हणून चार दिवस पोरगी बोलली नाही. पाचव्या दिवशी तापानं फणफणली.

अनुसूया देशमुखांच्या घरी गेली तेव्हा सरकारी दवाखान्याचे डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. जाताना सांगून गेले होते की, ही कडी आत्ता कापा आणि पोरीला दवाखान्यात आणा. आज बोटावर निभावेल, उद्या पायाचं सांगता यायचं नाही. सरला खाटेवर होती. बोट काळंनिळं, भरल्या वांग्यासारखं फुगलेलं, आणि त्यात चांदीची रेघ.

"मंग कापा की," अनुसूया म्हणाली.

सरलेची आई सुमनबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. "कशी कापू? नवरा जिवंत हाये तिचा. गोरेगावला मानूस धाडलाय. सासूचा सांगावा येऊ द्या. आन् त्यात आज सुतक आलंय घरात."

ओसरीवर गुरुजी बसले होते. माणिकरावांचे चुलतभाऊ नरसीला वारले होते. वार्ता आत्ताच आली होती. गुरुजी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत माणिकरावांना सांगत होते, "गेले शनिवारी. आज बुधवार. म्हणजे आजचा पाचवा. वार्ता उशिरा कळली तर सगळे दहा धरायचे नसतात. उरलेले पाळायचे. आज धरून सहा."

"सहा," माणिकराव म्हणाले. "बराबर."

अनुसूया दारात उभी होती. सहा, तिनं मनात म्हटलं. मग तिचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरू लागला. आपण कोपऱ्यात बसलो शुक्रवारी. आंघोळ झाली बुधवारी. शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध. सहा. बायकोला पुरे दहा दिवस असतात. मग चार कुठं गेले?

ती मागं फिरली.

"बाई, कुठं चालल्या?" माणिकरावांनी विचारलं.

"आलेच."

घर दोन गल्ल्या पलीकडं. विश्वंभरराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. आता थकले होते; दिवसभर सुपारी कातरणं हाच उद्योग.

"नाना, ते कोणत्या वारी गेले?"

"कोण?"

"वाशिमचे."

अडकित्ता थांबला. "बारा वर्षं झाली, अनू."

"वार विचारून राहिले मी."

हातातला सुपारीचा तुकडा त्यांनी ताटलीत ठेवला. "सोमवारी," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी. कार्डात तसं लिहिलेलं होतं."

"मी जोडवी काढली गुरुवारी."

"व्हय."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

"कार्ड मीच वाचलं होतं की."

"आणि आईला?"

"सुतक तिनंच मोजलं. बोटावर. सोमवार मी सांगितला तिला."

"मग?"

"सुतक मोजलं तिनं. बाकीचं कोण मोजतंय?" ते थांबले. "मी म्हटलं, ती जरा शांत झाली की बोलू. मग दहावा झाला. मग बायका येऊन राहिल्या रोज. एकदा बोलणं राहून गेलं की मग... मग तुला पुण्याकडं धाडलं."

आपण आता ओरडू, निदान रडू, असं तिला वाटलं. काही आलं नाही. ताटलीतले सुपारीचे तुकडे तिनं पाहिले. सगळे एका मापाचे. हात अजून चांगला होता त्यांचा.

"अडकित्ता द्या," ती म्हणाली.

त्यांनी तो तिच्या हातात ठेवला.

देशमुखांच्या घरी तो चुलीच्या विस्तवात धरून तिनं पुसला आणि खाटेजवळ गेली. सुमनबाईंनी तिचा हात धरला. "बाई, पाया पडते तुमच्या! तुमचं तर गेलंय. माझ्या जावयाच्या जिवावर काहून उठून राहिल्या?"

ओसरीवरून गुरुजींनी मान वळवली. सुमनबाईंचे ते शब्द अनुसूयेला लागायला हवे होते; लागले नाहीत.

"तुमच्या जावयाला काही होणार नाही."

"तुमाला कसं ठावं?"

"मी काढली होती. गुरुवारी. माझ्या हातानं. आणि ते सोमवारीच गेलेले होते." तिनं हे अगदी सावकाश सांगितलं, वर्गात पाढा सांगावा तसं. "जोडव्यात कुणाचा जीव नसतो, सुमनबाई. असता तर सोमवारी पायात असलेल्या माझ्या जोडव्यांनी त्यांना जगवलं असतं की. पायात होती. ते मेले."

 खाटेवरून सरलेचा आवाज आला, कोरडा, तापानं चिरलेला. "आई, हात सोड त्यांचा." आणि तिनं पाय पुढं केला. "कापा, बाई."

सुमनबाईंचा हात निघत नव्हता. माणिकरावांनी तो सोडवला आणि स्वतःच पोरीचा घोटा धरला.

कडी तुटली. पण पाच दिवस झाले होते. दवाखान्यात बोट काढावं लागलं. पाय वाचला.

गोरेगावला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला. जावई कसाय, असं सुमनबाईंनी दारातच विचारलं. माणूस म्हणाला, "मळ्यात हुरडा खाऊन राहिला. मलाबी दिला की."

त्या बोटाचं पाप अनुसूयेनं कुणावर ढकललं नाही. चिंधी गुंडाळायला आपणच लावली होती, हे तिनं शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं आणि नवा नियम केला: मैदानावर पाय ठेवायचा तर जोडवी उतरवूनच. गावात बोभाटा झाला. विधवेनं सवाष्णींची जोडवी उतरवायचा धंदा काढला, असं लोक म्हणाले. अकरा मुलींपैकी चार उरल्या. बाकीच्या सात घरांत ती पायी गेली. एकेका आईपुढं बसून तिनं पेरांवर मोजून दाखवलं: सोम, मंगळ, बुध, गुरु. चार घरांतून तिला पाणीही विचारलं नाही. एका घरात मात्र एक म्हातारी विधवा चुलीपाशी होती. मोजणं ऐकून ती आपल्या बोटांवर काहीतरी मोजू लागली, आणि मोजता मोजता तिचा अंगठा थांबला.

मग रझाकारांचे दिवस आले. शाळा बंद, दारं बंद. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, आणि त्याच वर्षीच्या थंडीत छावणीच्या मैदानावर, भिंतीआड नव्हे तर उघड्यावर, मुलींचा पहिला सामना ठरला. चुन्याचा तो दगड आता तिथं नव्हता. रस्ता करताना कुणी उचलून नेला असेल. अनुसूयेनं शोधला नाही.

मैदानाच्या कडेला एक स्टूल टाकलं होतं. त्यावर विश्वंभरराव मांडीवर बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन बसले होते. हे काम अनुसूयेनं त्यांना नेमून दिलं होतं. लग्न झालेली प्रत्येक मुलगी येईल, जोडवी चिंधीत बांधून डब्यात टाकेल आणि आजचा वार विचारेल. त्यांनी सांगायचं. मोठ्यानं.

नऊ बोटांची सरला पहिली आली. गोरेगावहून आली होती. नवरा गाडी सोडून बाभळीखाली बैलांना वैरण घालत होता. तिच्याजवळ एकाच पायाचं जोडवं होतं. तिनं ते डब्यात टाकलं. बारीक आवाज झाला.

"आजोबा, आज वार कोणता?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मुली रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यामागं गाव उभं होतं, आणि मध्यरेषेवर, तोंडात शिट्टी धरून, त्यांची लेक उभी होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, घाईही केली नाही. तेरा वर्षं थांबली होती, आणखी थोडं थांबायला तिचं काही जात नव्हतं.

"गुरुवार," विश्वंभरराव म्हणाले.

"ऐकू नाही आलं," अनुसूया मैदानातून म्हणाली.

 त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला, मान वर केली आणि जन्मात बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडले, "गुरुवार! आज गुरुवार हाये!"

"कुठल्या वारी काढली ते लक्षात ठेवा," ती मुलींना म्हणाली, आणि शिट्टी फुंकली.